पाच स्पीकर आणि आईंचा झोपाळा
(गेल्या वर्षीच्या उत्सवात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण इतिहासावर, आरोग्यावर, संतसाहित्यावर बोलणाऱ्या जाणकारांना ऐकत आलो आहोत. आम्ही दोघं जाणकार नाही. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेतून. पण घरच्या टीव्हीचा आवाज सुधारताना आम्ही ज्या चुका केल्या, त्या तुमच्या वाचाव्यात म्हणून आज उभे आहोत.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी बाहेरच्या खोलीत झोपाळा आहे. वडोदऱ्यात तो कुणाकडे नाही म्हणा! ती आईंची जागा. वय 84. रोज संध्याकाळी नातू त्यांच्याजवळ बसून मराठी मालिका नाहीतर नाटक बघायचा. शाळा इंग्रजी, गल्ली गुजराती, मित्र हिंदी. त्याचं मराठी झालं ते त्या झोपाळ्यावर. शब्द अडला की "आजी, म्हणजे काय?" आणि आजी सांगणार.

दिवाळीत आम्ही नवा पातळ टीव्ही आणला. ट्यूनर आतच बसवलेला, डिशची वायर थेट टीव्हीत. सह्याद्री त्यावर, बाकीच्या मालिका टीव्हीतल्याच ॲपवर. सेट-टॉप बॉक्स माळ्यावर गेला, एक रिमोट कमी झाला, म्हणून आम्ही खूश. पण पंधरा दिवसांत आई म्हणू लागल्या, "हे लोक पुटपुटतात काय नुसते?" आवाज वाढवला की गाण्यानं आणि जाहिरातीनं घर दणाणायचं, कमी केला की संवाद कळायचे नाहीत. शेवटी आई संध्याकाळी आत जाऊन पडू लागल्या. नातू मोबाइल घेऊन कोपऱ्यात. झोपाळा रिकामा. तो आम्हाला बघवेना.

आता कारण ऐका. टीव्ही पातळ झाला तशी स्पीकरला आत जागा उरली नाही. छोटे स्पीकर, त्यांचं तोंड बहुधा खाली किंवा मागे. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीचे आवाज गमावतात. स, त, क ही व्यंजनं त्यातच येतात. मग 'सात' म्हटलं की 'हात' याची गफलत होते.

आमच्याकडे 2011 साली घेतलेला पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा होम थिएटर होता. त्यालाच 5.1 म्हणतात. तो 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खर्जाचा सबवूफर. पण त्याची वायर जुन्या सेट-टॉप बॉक्सला होती! बॉक्स गेला, वाट तुटली. ट्यूनर टीव्हीच्या पोटात असला की आवाज टीव्हीतच तयार होतो. तो तिथून बाहेर काढावा लागतो.

त्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, एचडीएमआय एआरसी. ही सोय 2009 साली आली. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' लिहिलंय तीच वापरायची, दुसरी चालत नाही. होम थिएटरच्या खाचेवरही तेच लिहिलेलं हवं, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू हवं. दुसरी, ऑप्टिकल. या वायरीतून वीज जात नाही, उजेड जातो. टोकाला लाल प्रकाश दिसला की समजा, टीव्ही आवाज देतोय. तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण काढायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो! तिसरी, हेडफोनच्या भोकातून लाल-पांढऱ्या पिनांची वायर. यातून फक्त डावा-उजवा असा स्टिरिओ मिळतो.

आम्ही ऑप्टिकल लावली. पुढून आवाज आला, मागचे दोन स्पीकर मुके. मेकॅनिक आला आणि म्हणाला, "मागचे उडाले, नवा सेट घ्या." आम्ही बंद करून, वायरी काढून मागचा स्पीकर पुढच्या जागी जोडला. खणखणीत वाजला! खोट स्पीकरमध्ये नव्हतीच. टीव्हीच्या मेनूत 'डिजिटल ऑडिओ आउट' या ठिकाणी 'पीसीएम' निवडलेलं होतं. ऑप्टिकल असो वा एआरसी, पीसीएम म्हणजे दोनच वाटा. ते 'ऑटो' केलं (कुठे 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' लिहितात) आणि 5.1 असलेल्या सिनेमात पाचही स्पीकर बोलू लागले.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनेक वाहिन्यांचा आवाज मुळातच स्टिरिओ असतो. त्यात मागचं काही नसतंच. तेव्हा होम थिएटरच्या रिमोटवर 'प्रो लॉजिक' असेल तर ते लावा. ते दोनाचे पाच करतं आणि संवाद मधल्या स्पीकरकडे आणतं. दुसरं, ज्यांनी बॉक्स ठेवलाय त्यांच्यासाठी. बाहेरून एचडीएमआयनं आलेला आवाज पुष्कळ टीव्ही ऑप्टिकलमधून दोनच वाटांनी सोडतात. अशा वेळी बॉक्स आधी होम थिएटरला आणि तिथून टीव्हीला जोडा.

मंडळी, सराउंड म्हणजे मागून विमान गेल्याचा भास, असं आम्हीही समजत होतो. खरा मान मधल्या स्पीकरचा. सिनेमातले बहुतेक संवाद तिथून येतात. आमचा तो शोकेसमध्ये फुलदाणीमागे होता. तो टीव्हीखाली आणला, तोंड आईंच्या कानाकडे केलं आणि तेवढ्याचाच आवाज थोडा वाढवला. 'नाइट मोड' लावला, त्यानं दणका आणि कुजबुज यांतलं अंतर कमी होतं. पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्यापासून साधारण 30 अंशांवर डावी-उजवीकडे, मागचे दोन बाजूला किंचित मागे, कानाच्या जरा वर. फरशीवर सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, खोली घुमायची थांबली. ओठ आधी आणि शब्द नंतर, किंवा उलटं होत असेल तर 'ऑडिओ डिले' बघा.

मोजमाप कुठून घ्यायचं यावर मात्र घरात वाद झाला. झोपाळा पुढे-मागे जातो! शेवटी तो थांबतो ती जागा धरली.

यंत्र कानाचं काम करत नाही, हेही खरं. आईंचे कान तपासून घेतले, श्रवणयंत्र लागलं. ते आधीच करायला हवं होतं. पण आता टीव्हीचा आवाज पूर्वीच्या निम्म्यावर असतो आणि संध्याकाळी झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात. परवा नातवानं विचारलं, "आजी, उंबरा म्हणजे काय?" आईंनी बसल्या जागेवरून दाराकडे बोट दाखवलं.

तुमच्याही घरी कुणी म्हातारं माणूस हल्ली टीव्हीसमोरून उठून आत जात असेल, तर ते कंटाळलंय असं लगेच समजू नका. आधी टीव्हीच्या मागे बघा. अडलं तर आम्हाला हाक मारा. आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येऊ, तुम्ही चहा ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!