मासा एक, पण कळप वेगळे



डांगी आणि खिल्लार, दोन्ही गायीच. पण अकोल्याच्या पावसात डांगीच टिकते, हे तुम्हांला सांगायला नको. माशांचेही तसेच आहे. जात एकच, दिसायला सारखी. पण विणीची जागा वेगळी, वेळ वेगळी, वाढ वेगळी. एकमेकांत न मिसळणाऱ्या अशा गटाला आपण माशांचा कळप म्हणू.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. प्रवरा रतनगडाकडून येते, मुळा हरिश्चंद्रगडाकडून. नेवासे तालुक्यात दोघी मिळतात आणि पुढे गोदावरीला जातात. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, नंतर मुळा धरण झाले. मासा सांडव्यावरून खाली वाहून येईल, पण भिंत चढून वर जाणार नाही. म्हणजे धरणावरचा गावठी मासा संपला, तर खालचा येऊन ती जागा भरून काढणार नाही.

जाळ्यात एकूण मासा भरपूर दिसतो, म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. एका ओढ्याला चढणारा कळप पहिल्या पुरातच मारला जातो आणि दुसऱ्या कळपाच्या जोरावर पकड काही काळ टिकते. नुकसान कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

कळप ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ खवले व परांचे काटे मोजतात, कानातला खडा आणि जनुके तपासतात. तुम्ही एवढे करा:

1. मासा कुठे, कधी मिळाला, लांबी व वजन किती, हे वहीत लिहा.
2. गाभोळी कोणत्या महिन्यात दिसते, तेही लिहा.
3. विणीच्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावू नका.
4. शेततळ्यातला उरलेला मासा नदीत सोडू नका. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे.

कळप जपण्यात फायदाही आहे, बरं का. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, गोमती, सतलज अशा नद्यांचा रोहू जमवला. त्यांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जलद वाढणारा ‘जयंती’ रोहू तयार केला आणि 1997 साली तो शेतकऱ्यांपुढे आणला. नद्यांतले मूळ कळप शिल्लक होते, म्हणूनच हे जमले. घरचे बियाणेच संपले, तर नवे वाण कशातून काढणार?

तेव्हा वही भरा. आपल्या मच्छीमार सोसायटीत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात ती दाखवा. जाळे कुठे टाकायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यावरूनच ठरवता येईल.