अल्बर्ट लुथुली : लोकांनी दिलेले पद



दक्षिण आफ्रिकेतील तेव्हाच्या नाताळ प्रांतात, दरबानच्या उत्तरेस, उसाच्या शेतांनी वेढलेल्या ग्राउटव्हिल या वस्तीचे झुलू नेते अल्बर्ट लुथुली यांना १९६० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा सन्मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकन ठरले. मात्र पदवीनंतर निरनिराळ्या अधिकारपदांकडे निघालेल्या स्नातकांनी या चरित्रातून सर्वाधिक बारकाईने पाहावे ते त्यांना मिळालेले पारितोषिक नसून, त्याच्या आठ वर्षे आधी त्यांच्याकडून काढून घेतले गेलेले जमातप्रमुखाचे पद आहे.

लुथुली यांचा जन्म सुमारे १८९८ मध्ये आजच्या झिम्बाब्वेतील बुलावायोजवळ झाला. वडील लवकर वारल्यामुळे त्यांचे बालपण पुढे ग्राउटव्हिलला, तेथील जमातप्रमुख असलेले चुलते मार्टिन लुथुली यांच्या घरी गेले. ॲडम्स कॉलेज या मिशनरी संस्थेत शिकून तेथेच ते अध्यापक झाले. ग्राउटव्हिल हे मिशन राखीव क्षेत्र, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या आफ्रिकनांसाठी राखून ठेवलेला भूभाग होता आणि तेथील प्रमुखपद वंशपरंपरेने न जाता निवडणुकीने मिळत असे. गावातील वडीलधाऱ्यांनी आग्रह धरल्यावर लुथुली बराच काळ द्विधा मनःस्थितीत होते, कारण अध्यापकाच्या पगारापेक्षा प्रमुखाचे मानधन कमी होते आणि वर्गात शिकवणे त्यांना मनापासून आवडत होते. अखेर १९३५ च्या शेवटी ते निवडून आले.

या पदाची रचनाच पेचाची होती. १९२७ च्या कायद्याने गोऱ्या सरकारचा गव्हर्नर जनरल हाच आफ्रिकनांचा सर्वोच्च प्रमुख ठरवला गेला होता, त्यामुळे लोकांनी निवडलेला माणूसही सरकारच्या मान्यतेने पदावर येई, सरकारकडून पगार घेई आणि सरकारच्या हुकमाने पायउतार होई. लुथुली सुमारे सतरा वर्षे या दुहेरी बंधनात राहिले. जमिनीचे तंटे आणि वधूमूल्यावरून उद्भवणारी भांडणे ते परंपरेप्रमाणे सर्वांसमक्ष सोडवीत. स्त्रियांना कायद्याने अल्पवयीन मानले जात असतानाही गावाच्या सभेत त्यांचा सहभाग त्यांनी वाढवला. आणि १९३६ च्या साखर कायद्याने उत्पादनावर मर्यादा आणल्यावर तुटपुंज्या जमिनीवर ऊस काढणाऱ्या आफ्रिकन शेतकऱ्यांची संघटना त्यांनी पुन्हा उभी केली. पुढे जे राजकारण घडले त्याचे मूळ या रोजच्या कारभारात आहे, कारण देशातील बहुसंख्य असलेल्या आफ्रिकनांसाठी १९१३ च्या कायद्याने केवळ सुमारे ७ टक्के जमीन ठेवली होती आणि एवढ्या जमिनीवर कितीही न्यायी प्रमुख असला तरी तो माणसांचे पोट भरू शकत नव्हता.

१९५२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या काँग्रेसने वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध अवज्ञा मोहीम, म्हणजे अन्यायी कायदे उघडपणे मोडून तुरुंगात जाण्याची चळवळ सुरू केली, तेव्हा लुथुली नाताळमधील आफ्रिकन काँग्रेसचे अध्यक्ष होते. सरकारने त्यांना प्रिटोरियाला बोलावून काँग्रेस किंवा प्रमुखपद यांपैकी एक निवडण्यास सांगितले. प्रमुख हा आधी लोकांचा सेवक असतो, म्हणून या दोन कामांत विरोध नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि त्यांनी कोणतेच सोडले नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. डिसेंबरमध्ये काँग्रेसने त्यांना आपले सर्वोच्च अध्यक्ष निवडले, आणि लोक त्यांना शेवटपर्यंत चीफ म्हणूनच हाक मारत राहिले. सरकारी कागदावरून पुसलेले पद लोकांच्या तोंडी इतके टिकावे, याहून त्या सतरा वर्षांच्या कारभाराची मोठी पावती संभवत नाही.

त्यानंतर बंदीहुकूम, म्हणजे फिरण्यावर आणि सभांवर निर्बंध घालणारे सरकारी आदेश, मग देशद्रोहाचा खटला आणि पुन्हा बंदीहुकूम हा क्रम सुरू झाला. शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेल्यानंतर, मार्च १९६० मध्ये त्यांनी आफ्रिकनांना सतत जवळ बाळगावा लागणारा पास जाहीरपणे जाळला. डिसेंबर १९६१ मध्ये ते नोबेल पारितोषिक स्वीकारून ऑस्लोहून परतताच, काँग्रेसच्याच तरुण नेत्यांनी उभारलेल्या सशस्त्र दलाने पहिले स्फोट घडवले. स्वतः अहिंसेचा मार्ग न सोडताही, १९६४ मध्ये या तरुण नेत्यांपैकी नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली तेव्हा लुथुली यांनी त्यांना दोष देण्यास नकार दिला. ही भूमिका अहिंसावाद्याला अवघड असते, पण ती प्रामाणिक होती. १९६२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आपले रेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांची बाजू मांडणारे मानाचे पदाधिकारी, म्हणून निवडले, परंतु बंदीहुकमामुळे ते तेथे कधीच जाऊ शकले नाहीत.

२१ जुलै १९६७ रोजी ग्राउटव्हिलजवळ रेल्वेमार्गावर त्यांचा मृत्यू झाला आणि मालगाडीची धडक बसल्याचे कारण त्यावेळच्या चौकशीने नोंदवले. कुटुंबीयांना ते कधीच पटले नव्हते. २०२५ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या न्यायालयाने ती चौकशी पुन्हा उघडून जुना निष्कर्ष रद्द केला आणि हा मृत्यू अपघाताने नव्हे, तर मारहाणीने झाला, असे अधिकृतपणे नोंदवले.