मैदानाचा शेवटचा पट्टा

कबड्डीच्या मैदानात दोन्ही बाजूंना लॉबी नावाच्या अरुंद पट्ट्या आखलेल्या असतात. झटापट सुरू होईपर्यंत त्या मैदानाबाहेरच्या समजल्या जातात. चढाई करणारा गडी आणि प्रतिपक्ष यांची झुंज जुंपली की त्या मैदानात जमा होतात. माती तीच, परंतु तिचा अर्थ नियम ठरवितो. अमेरिकन फुटबॉलमधील ‘एंड झोन’ ही संज्ञा समजून घेताना हे घरचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या खेळाला फुटबॉल म्हणत असले, तरी त्यात लंबगोल चेंडू बहुधा हातात घेऊनच धावावयाचे असते. दोन गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे अंतर असते आणि प्रत्येक गोलरेषेच्या मागे १० यार्ड खोलीचा एक पट्टा आखलेला असतो. हाच एंड झोन. प्रतिपक्षाच्या या पट्ट्यात खेळाडूने चेंडू नेला, किंवा तेथे उभे राहून फेकीचा चेंडू झेलला, की ‘टचडाउन’ होऊन संघास ६ गुण मिळतात. उलट, चेंडूसह खेळाडू आपल्याच एंड झोनमध्ये पकडला गेला, तर प्रतिपक्षास २ गुण द्यावे लागतात. एकास जी वैभवाची जागा, तीच दुसऱ्यास संकटाची.

‘एंड’ म्हणजे शेवट, हे उघडच आहे. ‘झोन’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ कमरेचा पट्टा. भूगोलाच्या मराठी पुस्तकांत याच शब्दासाठी ‘कटिबंध’ ही नेमकी संज्ञा योजिलेली आहे. मराठीत ‘पट्टा’ हा शब्द कमरेला बांधावयाच्या वस्तूसही लागतो आणि जमिनीच्या लांबट तुकड्यासही. तेव्हा एंड झोनला ‘शेवटचा पट्टा’ म्हटल्यास मूळ अर्थ जराही ढळत नाही.

टचडाउन या शब्दाची कथा मात्र निराळी आहे. तो रग्बीतून आला. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकवावा लागतो, आणि प्रारंभीच्या काळात त्या टेकविण्यास स्वतंत्र गुणच नव्हते. त्यायोगे गोलावर लाथ मारण्याचा हक्क तेवढा मिळे. अमेरिकन खेळात आज चेंडू टेकवावा लागत नाही. गोलरेषेवर एक अदृश्य उभी भिंत कल्पिलेली असते. खेळाडूच्या हातातील चेंडूचे टोक तिला लागले तरी पुरते. क्रिया गेली, नाव उरले.

असे असता, गोलरेषेमागे हा पट्टा मुळात आखावा का लागला? याचे उत्तर एका दुःखद प्रकरणात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ म्हणजे माणसांच्या घट्ट जथ्यांची टक्कर होती. चेंडू पुढे फेकण्यास मनाई असल्यामुळे सारी शक्ती एका ठिकाणी एकवटे, आणि खाली सापडलेल्या तरुणांची हाडे मोडत, प्रसंगी प्राणही जात. १९०५ च्या हंगामात १८ खेळाडू दगावल्याची गणना वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजाविले. खेळच बंद करावा, असे म्हणणारेही थोडे नव्हते.

मैदान रुंद करून गर्दी पांगवावी, अशी एक सूचना पुढे आली. पण हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे भव्य क्रीडागार उभारले होते. त्याच्या भिंती हलविणे अशक्य होते. अखेर १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास अनुमती मिळाली. त्यामुळे खेळाडू विखुरले जावेत, हा हेतू होता. परंतु या फेकीवर बंधने इतकी होती की तिचा उपयोग बेताचाच होई. गोलरेषेपलीकडे झेललेल्या फेकीस तर गुणच मिळत नसत. १९०९ मध्ये पुन्हा मृत्यू घडले, तेव्हा नियमांचा फेरविचार भाग पडला.

१९१२ मध्ये निर्णय झाला. गोलरेषेमागे १० यार्डांचा पट्टा आखावा आणि त्यात झेललेला चेंडू टचडाउन समजावा, असे ठरले. त्याच वेळी टचडाउनचे गुण ५ वरून ६ झाले. दोन्ही टोकांस जागा वाढविली, तर प्रेक्षकांच्या बैठकी आड येत. यास्तव मूळचे ११० यार्डांचे मैदान १०० यार्डांवर आणण्यात आले. दोन्ही पट्टे धरून एकूण लांबी १२० यार्ड झाली.

गोलाचे खांब तेवढे काही काळ गोलरेषेवरच राहिले. विद्यापीठांनी ते १९२७ मध्ये पट्ट्याच्या मागील कडेला नेले. व्यावसायिक संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगने ते १९३३ मध्ये पुन्हा गोलरेषेवर आणले आणि १९७४ मध्ये कायमचे मागे हलविले.

या बदलांनी खेळ निर्धोक झाला, असे म्हणता येणार नाही. डोक्याला बसणाऱ्या आघातांची चिंता आजही तेथे कायम आहे. तरीसुद्धा, रंगीत अक्षरांनी सजलेला तो पट्टा केवळ जल्लोषाची जागा नव्हे. तरुणांचे जीव वाचावेत म्हणून चेंडूस हवेत वाट मोकळी करून देण्यात आली, आणि तो उतरावयास जमीन हवी म्हणून हा पट्टा निर्माण झाला. आज तेथे चेंडू झेलून नाचणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली १९०५ च्या त्या हंगामाची आठवण आहे.