पाणवठ्यावर बसायला या

कोलाडच्या नाक्यावर चहाला थांबलेली मुंबईची मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. राफ्टिंग कुठं, आणि इथं वाघ दिसतो का? दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात संपतं: नाही. पहिल्यासाठी मात्र त्यांना थोडं थांबवतो.

राफ्टिंग होतं त्या कुंडलिका नदीचं पाणी आपल्या पावसाचंच, असं समजू नका. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याला उतरतं, तिथल्या १९२७च्या वीजघरात टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत येतं. म्हणून तर ऐन एप्रिलात इथं राफ्ट चालते. पण त्याच कारणानं, डोक्यावर लख्ख ऊन असताना नदी चढते. मधल्या खडकावर डबा उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पाठीमागची वाळू बुडाल्याचं त्यांना उठताना कळलं. काठच्या गावकऱ्यानं “वर या” म्हटलं की डबा अर्धा टाकून उठायचं. कारण विचारायचं ते वर आल्यावर.

आता जंगल. कोलाडहून रोहा, रोह्याहून मुरूडच्या वाटेनं सुपेगाव. तिथून फणसाड अभयारण्यात शिरता येतं. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव रान, १९८६ साली अभयारण्य झालं. बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, पण गाडीत उभं राहून बघण्याचं हे रान नव्हे. पानांचा पडदा एवढा दाट की दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही. इथं पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात: चिखलगाण, फणसाड गाण. तुम्ही चालण्यापेक्षा पाणवठ्याजवळ, वनरक्षक दाखवील त्या जागी, दोन तास बसा.

बसणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे बरं का. माझंच सांगतो. एका संध्याकाळी पलीकडच्या करवंदीच्या जाळीत सांबराची मादी येऊन उभी राहिली. कान आमच्याकडे, एक पाय उचललेला. त्याच क्षणी मला खिशातल्या चिवड्याची आठवण झाली. प्लास्टिकची पुडी चुरचुरली, तिनं खुर आपटला, ‘ढाँक’ असा एकच आवाज केला आणि जाळी रिकामी. माझ्यासोबतचा कातकरी म्हातारा काही बोलला नाही. त्यानं नुसतं पुडीकडे पाहिलं. तेव्हापासून मी खाऊ फडक्यात बांधून नेतो.

डोळ्यांआधी कान उघडे ठेवा. कुत्र्यासारखं, पण एकेकच, थांबून थांबून भुंकणं ऐकू आलं तर ते भेकर; त्याला बहुधा बिबट्याची चाहूल लागलेली असते. वर फांद्यांतून खडखड वाजवल्यासारखा आवाज आला तर शेकरू, आपला राज्यप्राणी. शेपटीसकट हातभराहून मोठी ही खार सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. मध्ये गारंबीचा वेल दिसेल, मांडीएवढा जाड. त्याची शेंग पाहून मुलं तलवार म्हणून उचलतात. बघू द्या, पण घरी आणू देऊ नका.

रात्री मुक्काम असेल तर बूट उलटे करून, झटकून घाला. रायगडच्या लाल विंचवाची गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि त्या दंशानं मरणारी माणसं वाचू लागली, पण औषध मिळायला दवाखान्यात तर पोचायला हवं. फुरशाचंही तेच. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, गाडी काढायची.

वाटाड्या घ्याच, शक्यतो कातकरी. कातकऱ्यांचं नाव पडलं खैराच्या कातावरून. झाडाची ओळख त्यांना पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. त्यांना नावानं हाक मारू नका, दादा म्हणा. वाडीवर गेलात तर मोबाइल खिशात ठेवा, आधी ओट्यावर बसा, पाणी देतील ते प्या. फोटो विचारून. पैसे जाण्याआधी ठरवा आणि सुटे ठेवा, रानात कुणाकडे मोड नसते.

आणि कधी यायचं? पुष्कळजण डिसेंबरची सुट्टी धरतात. मी म्हणेन, पाऊस उघडला की लगेच या, दिवाळीच्या आत. पाणवठे भरलेले असतात, फुलपाखरं असतात, आणि मुख्य म्हणजे माणसं वाडीत असतात. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला निघून जातात. पोरंबाळं, कोंबड्यांची खुराडी, सगळं टेम्पोत. मग तुम्ही वाटाड्या शोधत वाडीत शिराल, तर ओढून घेतलेली दारं आणि एखादी म्हातारी तेवढी भेटेल.