पाणलोट, प्रदूषण आणि विद्यापीठाचा विद्यार्थी

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शास्त्रज्ञ नाही, अभियंताही नाही. कला शाखेचा पदवीधर. शासनाची माहिती लोकांपर्यंत आणि लोकांचे म्हणणे शासनापर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. तेव्हा पाणलोट क्षेत्र आणि जलप्रदूषण या विषयांवर मी बोलावे, हे काहीसे धाडसच आहे. परंतु सेवा करता करता शिकावे, या कल्पनेचा मी स्वतः एकेकाळी विद्यार्थी होतो आणि त्या वेळी आमच्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळी शिबिरासाठी आम्ही पन्नास-साठ विद्यार्थी एका लहान गावी गेलो होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालावयाचा, असे ठरले. जागा निवडली ती रस्त्याला जवळ म्हणून. शिबिर संपण्यापूर्वी बंधारा उभा राहिला, पाणी तुंबले, काठच्या विहिरीची पातळी वाढली. वर्तमानपत्रात छायाचित्रही छापून आले. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही काहीजण पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "पोरांनो, विहीर भरली खरी, पण यंदा पाणी तोंडात धरवत नाही."

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, तीस-चाळीस पावलांवर, गावाचे गटार ओढ्याला मिळत होते. पूर्वी ते पाणी खाली वाहून जात असे. आम्ही ते विहिरीच्या शेजारी अडवून ठेवले होते. इतक्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही ओढ्याच्या काठाने शंभर पावले वर जाऊन पाहिले नव्हते. आमच्या श्रमांत उणीव नव्हती. उणीव होती ती अभ्यासाची.

पाणी अडविण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात ताली-बंधारे घालून डोंगरावरून वाहून जाणारी माती व पाणी राखण्याची सूचना केली होती. योगायोग असा की, ज्या १९६९ साली देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, त्याच १९६९ चा महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम आहे. पुढे केंद्राचा १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम आला आणि १९८१ पासून तो आपल्या राज्यात लागू झाला. दुष्काळाच्या काळात, १९७३ साली, योजनेच्या शिबिरांचे सूत्रच दुष्काळाविरुद्ध युवक असे होते. तेव्हापासून कुदळ-फावडे विद्यार्थ्यांच्या हाती आले ते आजतागायत आहे. प्रदूषणाचा कायदा मात्र त्यांच्या हाती कोणी दिला नाही. तो कारखानदारांचा आणि वकिलांचा विषय, असेच आपण मानीत आलो.

वस्तुतः पाणी एकच आहे. आपल्या राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. या खडकाच्या वरच्या, झिजलेल्या मुरमाड थरांत आणि भेगांतच विहिरींचे पाणी साठते. ज्या भेगेतून पावसाचे पाणी विहिरीत उतरते, त्याच भेगेतून उकिरड्याचा निचरा, शोषखड्ड्यातील मैला आणि शेतातील अतिरिक्त युरियाही उतरतो. चर खणून आपण पाण्याला जमिनीत जाण्याची वाट करून देतो, तेव्हा त्या वाटेने दुसरे काय जाणार, याचाही हिशेब करावयास हवा.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात सामुदायिक सहभाग व क्षेत्र प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. शिबिरात जे सात दिवसांत उरकावे लागते, ते आता संपूर्ण सत्रभर, सवडीने करता येईल. या संधीचा उपयोग पाणलोटाच्या अभ्यासासाठी करावा, अशी माझी विनंती आहे.

आरंभ पायी चालण्याने व्हावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा, गावातील एखादा जाणता गुराखी सोबत घ्यावा आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओढ्याच्या काठाने जावे. गटाराचे तोंड, धुण्याची जागा, गोठे, शोषखड्डे, खताचे ढीग, एखाद्या कारखान्याची नळी, जे दिसेल ते नकाशावर नोंदवावे. गुराख्याला जेवढे ठाऊक असते, तेवढे कोणत्याही अहवालात नसते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर मोजमाप. विहिरीची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजण्यास दोरी आणि वजन पुरते. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीतील पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले, तर त्यात मैला मिसळत असल्याची दाट शंका घ्यावी आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. नायट्रेटची गोष्ट अधिक कठीण आहे. त्याला रंग नाही, वास नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. अधिक असल्यास तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. टी.सी.एल. पावडर टाकली की पंचायतीचे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या सदस्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ती पावडर जंतू मारते, नायट्रेटला हात लावीत नाही.

कायद्याकडेही विद्यार्थ्यांना न्यावे. १९७४ च्या अधिनियमातील 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत तूर्त कोरडा असलेला ओढा येतो आणि भूमिगत पाणीही येते. कलम २४ नुसार प्रवाहात वा विहिरीत जाणूनबुजून दूषित द्रव्य सोडण्यास मनाई आहे. कलम २५ अन्वये सांडपाणी सोडण्यास संमती देताना घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते आणि त्या सांडपाण्याची झळ ज्याला पोहोचते, त्याला ती पाहता येते. किती गावांनी ती पाहिली असेल? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांसमवेत जाऊन ती नोंदवही एकदा वाचली, तर धोरण या शब्दाचा अर्थ त्यांना निराळा सांगावा लागणार नाही.

हा केवळ खेड्यांचा प्रश्न नाही. २०१२ साली इचलकरंजीसारख्या उद्योगी शहरात दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली व माणसे दगावली. मुळा-मुठेत पुण्याने सोडलेले सांडपाणी भीमेवाटे उजनीच्या जलाशयात जाते. खालच्या अंगाचे लोक कोण, याची जाणीव वरच्या अंगाच्या महाविद्यालयांना व्हावयास हवी.

येथे आमच्या खात्याविषयीही थोडे बोलतो. बंधाऱ्याचे छायाचित्र उत्तम येते. पाण्याच्या तपासणीचे येत नाही. त्यामुळे आमच्या पानांवर बंधारे पुष्कळ आणि विहिरी थोड्या, असे होते. पंचायतीला मिळालेले लाल, पिवळे वा हिरवे कार्ड का मिळाले, याची हकीकत आम्हीही क्वचितच छापतो.

मघाशी एका प्राध्यापकांनी गुण कसे द्यावयाचे, असे विचारले. माझ्या मते विद्यार्थ्याने आपला अहवाल सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. निम्मे गुण त्यासाठी राखावेत. अहवालाची एक प्रत विद्यापीठाकडे जाईलच. दुसरी ग्रामपंचायतीच्या कपाटात न जाता चावडीच्या भिंतीवर लागावी. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, म्हणून मोजमापाची वही गावातच असावी आणि पुढच्या तुकडीने तीच वही पुढे लिहावी.

आमच्या शिबिराच्या गावकऱ्यांनी पुढील वर्षी तो बंधारा गटाराच्या वर, दोनशे पावलांवर, स्वतःच नव्याने घातला, असे मला मागाहून समजले. त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचे शिबिर दुसऱ्या गावी होते.