एम.ए., एम.एस्सी. करायचे, पण कोठे आणि कशासाठी?

(सोसायटीच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



माझ्या नावापुढे बी.ए., बी.एड. असे लिहिलेले असते. या दोन पदव्यांच्या मध्ये एक वर्ष रिकामे आहे. त्याविषयी कोणी विचारीत नाही, म्हणून आज मीच सांगतो. बी.ए. झाल्यावर मी पुण्यास एम.ए.ला प्रवेश घेतला. कारण एवढेच की, दोन मित्र जात होते. अब्बांनी विचारले, "फी किती?" मी आकडा सांगितला. तो लहान होता. त्यांनी बिनतक्रार पैसे दिले. खोलीची अनामत, भाडे, खाणावळ, पुस्तके, सणासुदीला गावी येण्याजाण्याचा खर्च, हे मी मोजले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. दिवाळीपर्यंत दोन शेळ्या विकल्या गेल्या. उन्हाळ्यात अम्मीच्या कानातले गेले. पहिले वर्ष संपताच मी परत आलो. त्यात महाविद्यालयाचा दोष नव्हता, शिक्षकांचाही नव्हता.

आपल्या वाडवडिलांपुढे निवड अशी फारशी नव्हतीच. मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. पुढे त्याचे उपकेंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावी आले. सगळे विषय तेथे नाहीत, हे खरे. पण संध्याकाळी मुलगी घरी परत येऊ शकेल इतक्या जवळ पदव्युत्तर शिक्षण आले, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र जवळचे ते स्वस्त, असा समज करून घेऊ नका. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे. ग्रामीण विकासाचे शिक्षण घेण्यासाठी देशभरातून मुले तेथे येतात. आपली मुले दर्शनी कमानीवरूनच एस.टी.ने पुढे जातात. तेथील शुल्क आपल्या साध्या एम.ए.च्या मानाने बरेच जड आहे. शासकीय शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची शुल्कमाफी काढून घेतली म्हणून २०१८ च्या फेब्रुवारीत त्या संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला होता. ज्याला खेड्यापाड्यांतूनच काम करायचे आहे आणि इंग्रजीतून शिकण्याची तयारी आहे, त्याने तेथे जरूर प्रयत्न करावा. परंतु वसतिगृह धरून दोन्ही वर्षांचा आकडा आधी लेखी मागावा.

"पुढे शिष्यवृत्ती मिळेलच," या भरवशावरही राहू नये. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२ साली बंद केली. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज असते. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारावे, चहाच्या टपरीवर नव्हे.

आता अलीकडची एक हकीकत सांगतो. आपल्याच शाळेची एक जुनी विद्यार्थिनी अब्बांना घेऊन घरी आली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पुण्याच्या एका खाजगी महाविद्यालयात एम.एस्सी.ची जागा मिळत होती आणि अब्बा दोन एकर जमीन गहाण टाकण्यास तयार होते. मी विचारले, "बेटा, पुढे काय करायचे आहे?" ती म्हणाली, "सर, अकरावी-बारावीला शिकवायचे आहे."

मी कागद घेतला. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर एम.एस्सी.नंतर बी.एड. हवे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. म्हणजे खर्च दोन वर्षांचा नव्हे, चार वर्षांचा! पुण्यात दोन वर्षांतच जमिनीचा पैसा संपत होता, बी.एड.ला हातात काही उरत नव्हते आणि नुसत्या एम.एस्सी.वर तिला हवी ती नोकरी मिळत नव्हती. धाराशिवातच एम.एस्सी. करावी, तर फी आणि एस.टी.चे भाडे एवढाच खर्च. तेही भाडे महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे. अब्बा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, लोक म्हणतील पोरीला पुण्याला पाठवायची ऐपत नव्हती."

हा प्रश्न मला रसायनशास्त्राहून अवघड वाटला. मी म्हणालो, "चाचा, माझ्या अब्बांना ऐपत नव्हती आणि मी गेलो. लोकांनी तेव्हाही काही म्हटलेच."

मुलीला मी एवढेच बजावले की, पुढे मोठ्या महाविद्यालयाचा विचार मनात आला तर नेट किंवा सेट लागते आणि त्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गास ५५ टक्के गुण लागतात. ५२ टक्क्यांची पदवी भिंतीवर शोभते, पण अर्जाला चालत नाही. तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या घरांतील मुलांनी जातीचे व नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र वेळेवर काढले, तर ती अट ५० टक्क्यांवर येते. तिच्या घरी ते प्रमाणपत्र कोणी काढलेच नव्हते. त्याच आठवड्यात अब्बा तहसील कचेरीत जाऊन आले.

सध्या ती पहिल्या वर्षाला आहे. सकाळच्या एस.टी.ने जाते, प्रयोग लांबला तर शेवटच्या गाडीने येते. जमीन गहाण पडलेली नाही. यंदा तीत सोयाबीन आहे.