वेळेचाही हप्ता भरता येतो

(संघाच्या वार्षिक सभेत आपल्याच एका सदस्य ताईने केलेले हे भाषण. सभेनंतर बऱ्याच जणींनी माहिती विचारली, म्हणून येथे छापत आहोत.)



मला आज शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. मुलींच्या शिक्षणावर आपण दर सभेत बोलतो. मी आज आपल्या स्वतःच्या शिक्षणावर बोलणार आहे. तेही पदवीनंतरच्या, आणि तेही चाळिशीत केलेल्या. हसू नका. मी पण आधी हसलेच होते.

माझे बी.ए. २००४ साली झाले. मराठी विषय घेऊन. त्याच वर्षी लग्न झाले आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेत गेले. भातशेती, दोन मुले, चार शेळ्या, सासूबाईंचे आजारपण. गटाची सचिव झाले तेव्हा पुन्हा हातात पेन आले. इतिवृत्त लिहिता लिहिता वाटले, आपल्याला लिहायला आवडते की! पुढे काहीतरी शिकावे.

पण पुढे शिकायचे म्हणजे एम.ए., दोन वर्षे, तालुक्याला रोज एसटीने जा-ये. ते जमणार नव्हते. मग कोणीतरी सांगितले की पदवीनंतर छोटे अभ्यासक्रमही असतात. एम.ए.पेक्षा छोटी असते ती पदव्युत्तर पदविका, कमीत कमी एक वर्षाची. त्याहून छोटे असते ते पदव्युत्तर प्रमाणपत्र, सहा महिन्यांचे. मुक्त विद्यापीठातून केले तर घरी बसून करता येते.

इथेच मी फसले. ते आधी सांगते, कारण त्याचा उपयोग तुम्हाला जास्त होईल.

एक माणूस गावात आला होता. म्हणाला, घरबसल्या पंधरा दिवसांत पदव्युत्तर पदविका, परीक्षा नाही, फक्त फी भरा. मी गटातून ९,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतले. उद्देश लिहिला 'शिक्षण'. सर्टिफिकेट आले. जाड कागद, चमकणारा शिक्का, माझे नाव मोठ्या अक्षरांत. ते घेऊन एका संस्थेत कामासाठी गेले तर तिथल्या मॅडमनी मला बसवून, पाणी देऊन, हळू आवाजात सांगितले, "ताई, या नावाचे विद्यापीठच नाही."

ते कर्ज मी दहा महिन्यांत फेडले. महिना दोन टक्क्याने ९९० रुपये व्याज गेले. घरात सांगितले नाही, पण गटात सांगावे लागले, कारण पैसा गटाचा होता. आमच्या अध्यक्ष ताई एवढेच म्हणाल्या, "खोट्या दुकानात गेलीस म्हणून भूक खोटी होती का? आता खरे दुकान शोध."

तर खरे दुकान कसे ओळखायचे? तीन गोष्टी बघा. पहिली, ज्या शिक्षणाला परीक्षा नाही आणि लिहून द्यायचे काही नाही, ते शिक्षण नव्हे. दुसरी, दूरशिक्षणाची मान्यता कोणत्या विद्यापीठांना आहे याची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. मुलीला किंवा भाच्याला मोबाईलवर बघायला सांगा. तिसरी, फी विद्यापीठाच्या नावावर ऑनलाइन भरली जाते आणि पावती येते. कोणाच्या हातात रोख देऊ नका, भले तो पाहुण्यातला असो.

आपल्याकडे दोन नावे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. एक नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ साली सुरू झालेले. दुसरे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चे. इग्नूमध्ये लोकसाहित्य आणि संस्कृती अभ्यास, स्त्री अभ्यास, भाषांतर, ग्रामविकास अशा विषयांच्या पदव्युत्तर पदविका आहेत. मी लोकसाहित्य घेतले. का घेतले ते पुढे सांगते. आधी हिशेब सांगते, कारण आपण हिशेबाच्या बायका आहोत.

इग्नूमध्ये अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. समजा पदविका ३२ क्रेडिटची आहे. म्हणजे ९६० तास. ऐकून छाती दडपते ना? पण एका वर्षात करायचे तर रोज अडीच तासांपेक्षा थोडे जास्त. अडीच वर्षांत करायचे तर रोज तासभर. आपण लाख रुपये एकदम कधी बघितले होते का? आठवड्याला पन्नास-पन्नास करूनच गट उभा राहिला. वेळेचेही तसेच आहे. एकदम भरता येत नाही, पण हप्त्याने भरता येतो. आणि मुक्त विद्यापीठ हप्त्याने घेते, ही त्याची खरी सोय आहे.

परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. सगळे पेपर एकदम द्यायची सक्ती नाही. जून म्हणजे आपली पेरणी. म्हणून मी डिसेंबर धरला. तोवर भात घरात आलेले असते. एका डिसेंबरला दोन पेपर, पुढच्याला दोन. पास झालेला पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. परीक्षेआधी स्वाध्याय म्हणजे प्रश्नांची उत्तरे घरून लिहून द्यायची असतात. बहुतेक विषयांत त्यांना ३० टक्के वजन आणि परीक्षेला ७० टक्के. हे स्वाध्याय चुकवू नका. ते दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

आता सोपे होते असे सांगितले तर खोटे होईल. माझी पुस्तके इंग्रजीत होती. पहिल्या पानावर मला अठरा शब्द अडले. मी मोजले होते. वहीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, असे करत एक पान तीन दिवसांत वाचले. महिन्याभरात लक्षात आले की तेच ते शब्द फिरून येतात. शेळ्यांचा चारा झाला की पहाटे एक तास वाचायचे. तरी पहिल्या वर्षी एक पेपर नापास झाले. त्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला ओरडतेस, आता तू?" मी म्हटले, "बघ, नापास झाल्यावर काय करायचे असते ते तुला दाखवते." पुढच्या वेळी पास झाले.

आता लोकसाहित्य का, ते सांगते.

पुस्तकात एक प्रश्न होता, तुमच्या भागातली मौखिक परंपरा लिहा. मौखिक म्हणजे तोंडातोंडी चालत आलेली. मला काही सुचेना. मी बाहेर शोधत होते आणि सासूबाई आत दळणाच्या आठवणी सांगत होत्या. जात्यावरच्या ओव्या! आपल्या आयांनी, आज्यांनी पहाटे दळताना गायलेल्या. भावाची वाट, माहेरचा रस्ता, सवतीचा जाच, विठ्ठलाशी भांडण, सगळे त्यात. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओव्या त्यांच्या पोटातच राहिल्या.

मग कळले की हे काम आपल्या आधी मोठ्या माणसांनी केले आहे. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर या राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष होत्या. बायकांच्या तोंडची गाणी जमवून त्यांनी पुस्तकामागून पुस्तक छापले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या काही आता 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर मोबाईलवर ऐकता येतात. मी सासूबाईंना ऐकवल्या. त्या म्हणाल्या, "ही चाल आमच्याकडची नाही. थांब, मी म्हणते." आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्या गायल्या.

मी वही घेऊन गावात फिरले. ११ बायकांकडून १४० ओव्या लिहिल्या. एक आजी मात्र गप्प बसल्या. म्हणाल्या, "आमच्या ओव्यांवर तू पास होणार. आमचे काय?" बायांनो, मला उत्तर देता आले नाही. रात्रभर विचार केला. 'पारी'वर प्रत्येक ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव असते, हे आठवले. दुसऱ्या दिवशी आजींकडे जाऊन सांगितले, "वहीत प्रत्येक ओवीखाली तुमचे नाव लिहीन, आणि तुम्ही हो म्हटले तरच बाहेर देईन." मग त्या गायल्या. नऊ ओव्या. त्या उन्हाळ्यात आजी गेल्या. दहाव्याला त्यांच्या नातीने वही मागून घेतली आणि आजीच्या नावाची पाने मोठ्याने वाचली. अंगठा उठवणाऱ्या बाईचे नाव, तिच्या शब्दांखाली लिहिलेले. त्या दिवशी मला कळले मी काय शिकले ते.

मला अडीच वर्षे लागली. यातून काय मिळाले? सरकारी नोकरी मिळाली नाही, आणि मिळेल असे तुम्हाला कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. लिहायची भीती गेली. संघाचा वार्षिक अहवाल गेली दोन वर्षे मी लिहिते. गटांच्या यशोगाथा लिहायला बाहेरच्या संस्था बोलावतात, त्याचे मानधन मिळते. थोडे आहे, पण माझे आहे. आणि अधिकारी समोर बसले तरी आता माझी नजर खाली जात नाही.

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

एक. आधी पदवी लागते. पदवी नसेल तर नाशिकच्या विद्यापीठातून मराठीत बी.ए. करा. दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. जिथे गाडी थांबली तिथूनच चढायचे.

दोन. नावाचा घोळ आधी मिटवा. आपल्या मार्कशीटवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला एबीसी आयडी आणि डेब आयडी लागतो, तिथे नाव जुळावे लागते. लग्नाचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र काढून ठेवा. मला यातच दोन महिने गेले.

तीन. पैसे भरण्याआधी पुस्तक वाचून बघा. इग्नूची पुस्तके 'ई-ज्ञानकोश'वर फुकट आहेत. दहा पाने वाचा. गोडी लागली तर पुढे जा. कोणत्या भाषेत लिहावे लागेल तेही आधी विचारा.

चार. एकटीने करू नका. घरी सांगा, गटात सांगा. परीक्षेच्या आठवड्यात माझ्या शेळ्या गटातल्या दोघींनी सांभाळल्या. ते ऋण कोणत्या वहीत लिहू?

शेवटी संघाकडे माझी एक मागणी आहे. आपण शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, मुलांच्या फीला देतो. बाईच्या स्वतःच्या फीला कर्ज मागितले की विचारतो, "या वयात?" हा प्रश्न बंद करण्याचा ठराव आज घ्यावा. कर्जाआधी विद्यापीठाची मान्यता तपासावी, म्हणजे माझ्यासारखी कोणी फसणार नाही. आणि मंगळवारी दुपारी संघाच्या ऑफिसातले एक टेबल अभ्यासाला मोकळे ठेवावे. पहिल्या मंगळवारी मी येऊन बसते. शब्दांची वही घेऊन येईन.

 जय सावित्री!